ठिणगी बाहेर दिसलीच नाही, तरी क्षेपणास्त्र पेटलं: विद्युत क्षेत्र रॉकेटच्या घन इंधनाचं नेमकं काय करतं?

तारीख होती ११ जानेवारी १९८५. पश्चिम जर्मनीत हाइलब्रॉन शहराजवळ अमेरिकी लष्कराचा एक क्षेपणास्त्र तळ होता. कडाक्याची थंडी आणि कोरडी हवा. सैनिक पर्शिंग-२ क्षेपणास्त्राच्या पहिल्या टप्प्याची मोटर तिच्या पेटाऱ्यातून उचलून बाहेर काढत होते. कुणी बटण दाबलेलं नव्हतं आणि जवळपास आग नव्हती. तरीही मोटर पेटली. तीन सैनिक ठार झाले, सोळा जखमी झाले. अण्वस्त्र त्या वेळी जोडलेलं नव्हतं, एवढंच काय ते नशीब.

चौकशीत दोषी ठरली ती स्थिर वीज. थंडीत लोकरी स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तीच वीज.

इथे लगेच प्रश्न पडतो. रॉकेटचं घन इंधन काही पेट्रोलच्या वाफेसारखं नाजूक नसतं. ते कडक रबरासारखं असतं आणि पेटवायला चांगली दणदणीत ज्योत लागते. मग एका अदृश्य विद्युतभारानं ते पेटलं कसं? वीज उष्णतेचं काम करते, की उष्णतेच्या कामात नुसती मदत करते? उत्तर समजून घ्यायचं तर आधी हे इंधन म्हणजे काय ते पाहू.

इंधन कसलं, हा तर ऑक्सिजनचा साठा

आजच्या बहुतेक मोठ्या घन रॉकेटांमध्ये तीन मुख्य गोष्टी असतात. अमोनियम परक्लोरेट नावाचं पांढरं स्फटिकी मीठ, ॲल्युमिनियमची बारीक भुकटी आणि हे सगळं धरून ठेवणारं रबर. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या बूस्टरमध्ये यातलं जवळजवळ ७० टक्के वजन एकट्या अमोनियम परक्लोरेटचं होतं आणि १६ टक्के ॲल्युमिनियमचं. आपल्या पीएसएलव्हीचा पहिला टप्पाही याच कुळातला. त्यात सुमारे १३९ टन घन प्रणोदक भरलेलं असतं.

म्हणजे ज्याला आपण ‘इंधन’ म्हणतो त्याचा मोठा हिस्सा जळणारा नसून जाळणारा आहे. अमोनियम परक्लोरेट तापलं की फुटतं आणि ऑक्सिजनयुक्त वायू सोडतं. त्या वायूंत रबर आणि ॲल्युमिनियम जळतं. रॉकेटला बाहेरची हवा लागत नाही ती यामुळेच. तापल्यावर पदार्थ असा फुटण्याला औष्णिक विघटन म्हणतात. घन रॉकेटमधली आग किती वेगानं पुढे सरकेल हे बऱ्याच अंशी या विघटनावर ठरतं.

हे विघटन कसं होतं ते बघण्यासारखं आहे. अमोनियम परक्लोरेटच्या स्फटिकात दोन प्रकारचे आयन असतात, धन भाराचा अमोनियम आणि ऋण भाराचा परक्लोरेट. साधारण २४० अंश सेल्सिअसला स्फटिकाची रचना बदलते, रेणूंची मांडणी नव्यानं बसते. त्यानंतर विघटन जोर धरू लागतं. पहिली पायरी अशी समजली जाते: अमोनियमकडचा एक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा धनभारित गाभा, उडी मारून परक्लोरेटकडे जातो. त्यातून अमोनिया आणि परक्लोरिक आम्ल तयार होतं. हे आम्ल अस्थिर असल्यामुळे तेही फुटतं आणि पुढची सगळी धामधूम सुरू होते. याला एक चांगला पुरावाही आहे. आजूबाजूला आधीच भरपूर अमोनिया सोडला तर विघटन मंदावतं, कारण उडी मारलेला प्रोटॉन परत घरी यायला वाट मोकळी असते.

गंमत म्हणजे कमी तापमानात, साधारण ३०० अंशांच्या आसपास, हे विघटन पूर्ण होत नाही. सुमारे ३० टक्के मीठ फुटतं आणि प्रक्रिया थबकते. उरतो तो पोळीच्या पापुद्र्यासारखा सच्छिद्र, भोकाभोकांचा स्फटिक. तो पुढे फुटायला ३५० अंशांच्या वरची उष्णता लागते. असं का? कारण विघटन स्फटिकात सगळीकडे सारखं होत नाही. जिथे रचनेत खोट आहे, भेग आहे, एखादा आयन जागेवर नाही, तिथे ते आधी सुरू होतं आणि तिथूनच पसरतं.

आता लक्षात आलं असेल. ही सगळी गोष्ट भारित कणांची आहे. प्रोटॉन, आयन, इलेक्ट्रॉन. आणि भारित कण दिसला की विद्युत क्षेत्र त्याला ओढणार किंवा ढकलणार, हे आपण शाळेतच शिकलो.

मग क्षेत्र लावलं की विघटन वेगानं होतं का?

इथे बरेच लोक घाई करतात. भार आहे, क्षेत्र आहे, म्हणजे परिणाम मोठाच असणार! जरा आकडे मांडून बघू. गणित पाचवी-सहावीचं आहे, घाबरू नका.

प्रोटॉनला उडी मारायला एक चढण पार करावी लागते. अमोनियम परक्लोरेटच्या विघटनासाठी ही चढण साधारण सव्वा इलेक्ट्रॉन व्होल्ट धरू. इलेक्ट्रॉन व्होल्ट हे अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं माप आहे. ३०० अंश तापमानाला उष्णतेमुळे कणांना जी धडपड मिळते ती साधारण ०.०५ इलेक्ट्रॉन व्होल्टची. चढण धडपडीच्या पंचवीस पट उंच, म्हणून क्वचितच एखादा कण पार होतो. तापमान थोडं वाढलं तरी पार होणाऱ्यांची संख्या झपाट्यानं वाढते. हेच गणित पुढे नेलं तर ३०० अंशांजवळ पंधरा-सोळा अंश वाढले की वेग दुप्पट होतो.

आता क्षेत्र लावू, चांगलं दणकट. एका सेंटिमीटरला १० हजार व्होल्ट. हवेत साधारण ३० हजार व्होल्ट प्रति सेंटिमीटरला ठिणगी पडते, म्हणजे आपण त्याच्या एक तृतीयांशावर आहोत. प्रोटॉनची उडी अर्ध्या नॅनोमीटरची धरली, तर तेवढ्या अंतरात क्षेत्र त्याला किती ऊर्जा देईल? फक्त ०.०००५ इलेक्ट्रॉन व्होल्ट. उष्णतेच्या धडपडीचा शंभरावा भाग. म्हणजे वेगात फरक साधारण एक टक्क्याचा.

एक टक्का म्हणजे किती? तापमान पाव अंशानं वाढवलं तरी तेवढाच फरक पडतो. भट्टीचं दार उघडून बंद केलं तरी एवढं तापमान हलतं.

या एका आकड्यामुळे प्रयोग करणाऱ्यांची झोप उडते. अमोनियम परक्लोरेटच्या गोळीला दोन्ही बाजूंनी धातूच्या पट्ट्या लावल्या, व्होल्टेज दिलं, विघटन वेगानं झालं असं दिसलं. पण हे क्षेत्रामुळे झालं, की गोळीतून झिरपलेल्या किंचित विद्युत प्रवाहानं ती पाव-अर्धा अंश तापली म्हणून? दोन्हीचा परिणाम मोजमापात एकसारखाच दिसतो. म्हणून नीट प्रयोग करायचा तर पट्ट्या आणि नमुना यांच्यामध्ये अभ्रकासारखा विद्युतरोधक ठेवून प्रवाह अडवावा लागतो, नमुन्याचं तापमान अगदी जवळून मोजावं लागतं, एकदिश आणि उलटसुलट दोन्ही प्रकारचं व्होल्टेज देऊन बघावं लागतं. ‘विजेनं विघटन वाढलं’ असं वाक्य कुठे वाचलंत तर आधी शोधायचं ते हे: प्रवाह अडवला होता का?

याचा अर्थ मंद क्षेत्राचा परिणाम नसतोच असं नाही. एका उडीत एक टक्का, पण भारित कण तासन्‌तास एकाच दिशेला सरकत राहिले तर हळूहळू स्फटिकाच्या एका कडेला, भेगांपाशी, दोषांपाशी गोळा होतात. विघटनाची सुरुवात दोषांपासून होते हे वर पाहिलंच. म्हणजे क्षेत्र चढण फारशी कमी करत नाही, पण गर्दी कुठे जमायची ते ठरवतं. गर्दी जमल्यावर तिथली घटना वेगळी घडू शकते. नव्या स्फटिकात आणि भेगाळलेल्या स्फटिकात, एकसंध खड्यात आणि भुकटीत क्षेत्राचा परिणाम वेगवेगळा यायला हवा, तो या कारणानं.

याच भाराच्या खेळाचा उपयोग रॉकेटवाले दुसऱ्या मार्गानं करतात. व्होल्टेज न लावता. लोहाची किंवा तांबे-क्रोमियमची ऑक्साइडं चिमूटभर मिसळली की अमोनियम परक्लोरेट कमी तापमानात आणि अधिक वेगानं फुटतं. या ऑक्साइडांच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण सोपी होते, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. शटलच्या बूस्टरमध्ये लोहाचं ऑक्साइड अर्ध्या टक्क्याहूनही कमी होतं, पण जळण्याचा वेग ठरवण्यात त्याचा वाटा मोठा.

मग ती मोटर पेटली कशी?

तळावर तर उणे तापमान होतं, ३०० अंश नव्हे. थंड इंधनात विघटनाचा वेग जवळजवळ शून्य. क्षेत्रानं तो दुप्पट-तिप्पट केला तरी शून्याची तिप्पट शून्यच. म्हणजे क्षेत्रानं विघटनाला थेट हात लावून आग लावली, हे शक्य नाही. त्यानं दुसरा रस्ता धरला.

हा रस्ता ॲल्युमिनियमच्या कणांमधून जातो. इंधनाच्या आत डोकावलं तर रबरात रुतलेले धातूचे असंख्य बारीक कण दिसतील. धातूच्या आत विद्युत क्षेत्र टिकत नाही. त्यामुळे बाहेरून लावलेलं सगळं व्होल्टेज कणांच्या मधल्या फटींवर येऊन पडतं. समजा, एका वाटेवर ९८ टक्के अंतर धातूच्या कणांनी व्यापलंय आणि फक्त २ टक्के रबराच्या फटी आहेत. मग त्या फटींमधलं क्षेत्र बाहेरच्या क्षेत्राच्या पन्नास पट होईल. सेंटिमीटरला १० हजारांचे ५ लाख व्होल्ट! खरं इंधन इतकं धातूनं ठासलेलं नसतं, पण कणांच्या माळा जिथे योगायोगानं जुळून येतात तिथे असंच काहीसं घडतं.

अशा फटीत रबर आपला विद्युतरोधक धर्म सोडतं. इलेक्ट्रॉनांचा लोंढा फुटतो, एका फटीतून दुसऱ्या फटीत उडी घेतो आणि कणांच्या माळेतून बारीकशी वीज कोसळते. आभाळातली वीज ढगातून जमिनीवर येते तशी, पण इंधनाच्या पोटात. तिच्या वाटेवर क्षणभर प्रचंड तापमान होतं. आता अमोनियम परक्लोरेटला हवी असलेली उष्णता जागेवर हजर आहे. शेजारचे स्फटिक फुटतात, वायू तयार होतो आणि त्याला बाहेर पडायला जागा नसते. दाब वाढतो, इंधनाला तडे जातात, आणि दाब वाढला की हे इंधन आणखी वेगानं जळतं.

प्रत्येक वेळी असं होतंच असं नाही. तापलेला ठिपका फार लहान असेल तर त्याची उष्णता आजूबाजूला पसरून तो विझून जातो. ठिपका जगणार की मरणार, हे त्यात किती ऊर्जा ओतली गेली, दाब किती अडकून राहिला आणि शेजारचं मीठ किती चटकन फुटतं, यावर ठरतं. म्हणजे औष्णिक विघटन पुन्हा मध्यवर्ती येतंच. वीज फक्त काडी पुरवते, आणि तीसुद्धा बंद घराच्या आत.

पर्शिंग-२ च्या मोटरचं कवच केव्हलारचं होतं. हा तोच कृत्रिम धागा ज्याची बुलेटप्रूफ जॅकेटं बनतात. हलका, मजबूत, पण विद्युतरोधक. पोलादी कवचाच्या आत बाहेरचं क्षेत्र फारसं शिरत नाही, केव्हलारमधून मात्र बिनदिक्कत शिरतं. पेटाऱ्यातल्या गादीवर घासून कवचावर भार जमला. मोटर उचलताना भार तेवढाच राहिला, पण गादीपासूनचं अंतर वाढत गेलं. भार तोच आणि अंतर जास्त, की व्होल्टेज चढतं, हे कपॅसिटरचं साधं गणित. त्यात थंडी. रबर गार पडलं की त्यातून भार झिरपून जायला जास्त वेळ लागतो. कोरड्या हवेतही भार निसटत नाही. सगळ्या वाईट गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या.

रबर कोणतं आहे यानेही फरक पडतो. शटलच्या बूस्टरमधलं पीबॅन नावाचं रबर तुलनेनं अधिक विद्युतवाहक, त्यातून भार हळूहळू निघून जातो. आता जगभर जास्त वापरलं जाणारं एचटीपीबी यांत्रिक दृष्ट्या सरस आहे, पण भार धरून ठेवण्याच्या बाबतीत जरा हट्टी. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा एचटीपीबीवरच चालतो.

जुनी चाचणी कुठे कमी पडली

पूर्वी इंधन विजेला किती घाबरतं हे तपासायला चिमूटभर नमुना घ्यायचे आणि त्यावर सुईच्या टोकावरून ठिणगी सोडायचे. नमुना पेटला नाही की पास. माणसाच्या अंगावर साठलेल्या स्थिर विजेची ऊर्जा साधारण काही मिलिजूल असते, तिच्यापुढे हे इंधन बऱ्यापैकी सुरक्षित दिसायचं. पण चिमूटभर नमुन्यात कणांची लांब माळ जुळण्याची शक्यता ती किती? टनभर इंधनात असंख्य माळा असतात आणि त्यातली एकच घातक ठरायला पुरते. शिवाय उघड्या नमुन्यात वायू उडून जातो, दाब वाढतच नाही.

फ्रान्समध्ये एसएनपीई या कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी म्हणून वेगळी चाचणी बसवली. इंधनाचा जाडजूड दंडगोल घ्यायचा, त्याच्या आरपार ३० हजार व्होल्टनं साठवलेली सुमारे १५.६ जूल ऊर्जा सोडायची, आणि एकदा नव्हे, सलग तीस वेळा. पहिला झटका पचवला तरी आत एखादी जळकी वाट तयार झालेली असू शकते, पुढचा झटका तीच वाट धरतो.

स्थिर विजेनं रॉकेट पेटण्याची ही पहिली वेळ नव्हती. १४ एप्रिल १९६४ ला फ्लोरिडात डेल्टा रॉकेटचा तिसरा टप्पा चाचणीच्या इमारतीत अचानक पेटला आणि तीन तंत्रज्ञ गेले. तिथेही प्लॅस्टिकचं आवरण काढताना तयार झालेल्या स्थिर विजेकडे बोट दाखवलं गेलं. पण दोन्ही घटनांची गल्लत करू नये. फ्लोरिडात वीज इंधनाच्या पोटात नव्हे, तर ते पेटवण्यासाठी बसवलेल्या विद्युत प्रज्वलकात शिरली. त्या धोक्यावर उपाय तुलनेनं सोपा आहे. प्रज्वलक असा बनवायचा की एक अँपियर प्रवाह किंवा एक वॅट शक्ती पाच मिनिटं दिली तरी तो पेटू नये. असे मापदंड पुढे रूढ झाले. इंधनाच्या पोटातल्या विजेवर असा एखादा सुटा भाग बदलून उपाय होत नाही. तिथे जमिनीला जोडलेल्या तारा, विद्युतवाहक फरशी, हवेतली आर्द्रता राखणं, कवचावर वाहक थर देणं, असं सगळंच करावं लागतं. पेट्रोलचा टँकर रिकामा करण्याआधी पंपावर अर्थिंगचा चिमटा लावतात ना, तेच तत्त्व.

पुण्यात पाषाणजवळ सुतारवाडीला डीआरडीओची उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे. भारतीय क्षेपणास्त्रांच्या प्रणोदकांवर तिथे काम चालतं. अशा ठिकाणी कामगारांना नायलॉनचे कपडे का चालत नाहीत आणि दारात धातूच्या पट्टीला हात लावून मगच आत का जावं लागतं, हे आता वेगळं सांगायला नको.

आणि जर वीजच हवी असेल तर?

आतापर्यंत वीज खलनायक होती. पण काही संशोधकांनी प्रश्न उलटा केला. घन रॉकेटची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ते एकदा पेटलं की थांबत नाही. द्रव इंधनाचा नळ बंद करता येतो, घन इंधन मात्र सुटलेल्या बाणासारखं. मग असं घन इंधन बनवलं तर, जे फक्त वीज चालू असेपर्यंतच जळेल?

त्यासाठी अमोनियम परक्लोरेट बाजूला ठेवावं लागलं. त्याऐवजी हायड्रॉक्सिलअमोनियम नायट्रेट या मिठावर आधारलेलं, आयनांनी भरलेलं, लवचीक आणि मुळातच विद्युतवाहक घन इंधन तयार झालं. इथे फरक बघा. साध्या इंधनात प्रवाह वाहत नाही, म्हणून क्षेत्र साठत जातं आणि एका ठिकाणी फुटतं. या इंधनात प्रवाह सहज वाहतो, म्हणून क्षेत्र साठत नाही. प्रवाहामुळे इंधन स्वतःच तापतं आणि इलेक्ट्रोडपाशी मिठाचं विद्युत-रासायनिक विघटनही होतं. दोन्ही मिळून आग सुरू होते. वीज काढली की आग थांबते. उघड्या ज्योतीनं किंवा छोट्या ठिणगीनं ते पेटत नाही.

अमेरिकेत नेवाडातल्या डिजिटल सॉलिड स्टेट प्रॉपल्शन या कंपनीनं असे चिमुकले थ्रस्टर बनवले आणि अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेनं ते स्पिनसॅट नावाच्या उपग्रहावर बसवले. साधारण ५६ सेंटिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा गोळा, वजन सुमारे ५७ किलो. २८ नोव्हेंबर २०१४ ला तो आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून सोडला गेला. त्याआधी हे इंधन अंतराळवीरांच्या शेजारी, स्थानकाच्या आत ठेवलेलं होतं. नेहमीच्या घन रॉकेटला तिथे कुणी दारातही उभं केलं नसतं.

याला मर्यादा आहेत. दाब फार वाढला तर या जातीचं इंधन वीज बंद केल्यावरही जळत राहू शकतं, त्यामुळे ‘बटण बंद, आग बंद’ हे वचन कमी दाबापुरतंच खरं. आणि इंधनाचा गोळा जितका मोठा, तितका त्यात सगळीकडे प्रवाह पोचवायला जास्त शक्ती लागते. म्हणून सध्या त्याचं काम छोट्या उपग्रहांना हलकेच वळवण्याचं किंवा फिरवण्याचं आहे. जमिनीवरून शेकडो टनांचं घन इंधनाचं रॉकेट उचलायला आजही सहसा अमोनियम परक्लोरेटच लागतं, आणि त्याच्या कवचाला जोडलेली अर्थिंगची तार.